आवाजाचं विरजण

माझ्या रेडिओवरचं पहिलं वाक्य रोज एकच असतं. "उठलात का रे, का ऊन ढुंगणावर यायची वाट बघताय?" ठीक सातला. त्यानंतर तासभर आंबेदऱ्यात कुणी कुणाशी बोलत नाही, कारण मी बोलत असते.

रेडिओ म्हणजे फार मोठं प्रकरण नाही. माळ्यावर पाच वॅटचं यंत्र, पत्र्यावर बांबूला बांधलेली एरियल आणि पुढ्यात माईक. बचत गटाला परवाना मिळाला तेव्हा आम्ही बारा जणी होतो. अकरा जणींना वर्षाच्या आत कंटाळा आला. मला आला नाही. आईबापानं नावच हौसा ठेवलं, त्याला मी काय करू? लाँच किती वाजता सुटणार, कुणाची म्हैस व्याली, कुणाच्या दारात सांडपाणी तुंबलंय आणि त्याला लाज कशी वाटत नाही, हे सगळं मी सांगते. गाणी थोडी, तोंड जास्त.

धरणाच्या पाण्याच्या अलीकडं आमची पाच गावं. ती मला स्वच्छ ऐकतात. पाण्यापलीकडं मेटाची वाडी. मधे डोंगराची सोंड आडवी येते. रेडिओची लहर सरळ चालते, कुणाला वळसा घालत नाही. माझ्यासारखीच. म्हणून वाडीत निम्मी मी पोचते आणि निम्मी खरखर.

त्या मेटाच्या वाडीत माझी सून मोनाली राहते, तिच्या माहेरी. आणि माझी नात, आर्वी.

माझा धाकटा, सुजित, विजेच्या खांबावर कामाला होता. तिथून पडला. दोन दिवस कराडला दवाखान्यात होता. दुसऱ्या दिवशी मी मोनालीला म्हटलं, "अंगावरचं लेकरू घरी रडतंय, तू जा. मी आहे." ती गेली आणि दुपारी तो गेला. शेवटचं काय बोलला ते माझ्या एकटीच्या कानात आहे. तेराव्याला भरल्या पंगतीत मी सुनेला म्हटलं, "हिचा पायगुण. दोन वर्षांत माझं लेकरू खाल्लं हिनं." तिनं सहा महिन्यांची पोरगी उचलली आणि लाँचमध्ये जाऊन बसली.

त्याला नऊ वर्षं झाली. मी बोलावलं नाही, ती आली नाही. माझ्या घरात अकरा माणसं माझ्या हाकेवर उठतात-बसतात. बारावीला आणायला मी पाण्यापलीकडं जाणार नव्हते.

गेल्या वर्षी माझा घसा बसला. वीस दिवस रेडिओ मुका. त्याच वेळी नाझिया आली. नाझिया मुल्ला, कराडची, रेडिओची इंजिनिअर. यंत्र बिघडलं की तीच येते. पोरगी हुशार आहे, फक्त मला काहीतरी शिकवायला बघते.

"आक्का, एक नवीन पेटी आलीय," ती म्हणाली. "तुमचा आवाज तिच्यात घातला की तुम्ही आजारी असलात तरी तुम्ही बोलाल."

"आणि मेले तर?"

"तरी बोलाल."

"मग गावानं माझ्या मरणाची वाट बघून काय उपयोग!"

घसा दुखत असून मी हसले. तिनं मग मला पेटी समजावली. तिच्या भाषेत मला कळेना, म्हणून मी माझ्या भाषेत विचारत गेले आणि ती मान हलवत गेली.

ते असं आहे. माझं चाळीस तासांचं बोलणं यंत्रानं ऐकलं आणि त्याचे कण केले. मी श्वास कुठं घेते, 'च' दाताला कसा लावते, रागावले की शेवटचा शब्द कसा आपटते, असे लाख कण. तेवढं झालं की माझा आवाज म्हणजे विरजण. वाटीभर विरजण घराघरात दिलं की जो तो आपल्या दुधात दही लावतो, तसंच. नेहमीचा रेडिओ एक बोलणं पाठवतो आणि शंभर घरं तेच ऐकतात. या पेटीत माझा आवाज आधीच मुरलेला. ती माझा सकाळचा तास उचलते, खरखर काढते, त्या घराला हवं तसं कापून-जोडून देते, आणि उरलेला दिवस स्वतःच्या मनानं बोलते. माणसानं काही विचारलं तर उत्तरही देते. घरागणिक वेगळी हौसाक्का.

"पण काय बोलायचं ते ती ठरवते कशावरनं?" मी विचारलं.

"ऐकणारा कुठं थांबतो त्यावरून. आवाज मोठा केला, काम थांबवून ऐकत बसला, उलट विचारलं, की पेटी समजते की हे आवडलं. मग तसलं आणखी. बटण पिळलं की समजते, हे नको."

"म्हणजे घरजावई."

"तसंच म्हणा," ती म्हणाली.

मी हो म्हटलं. कशासाठी, ते लपवत नाही. पाच गावांत तासभर बोलणारी बाई दिवसभर बोलणार, हे मला गोड वाटलं. तीन महिन्यांची परीक्षा ठरली. आंबेदऱ्यात दहा घरांत दहा पेट्या आल्या. मी माझ्या घरात ठेवली नाही. आपणच लावलेलं दही आपणच चाखून वाहवा करत बसणारी बाई मी नव्हे.

महिन्याभरात लोक बिघडले. लाँच चालवणारा महिपत, ज्याला मी रोज सकाळी उशिरासाठी झोडते, तो मला बघून हात जोडायला लागला.

"आक्का, काल तुम्ही लई बरं बोललासा. माझ्यासारखा लाँचवाला अख्ख्या धरणात न्हाई म्हनालात."

"मी? अरे, तू लाँच लावतोस ती म्हैस डबक्यात बसल्यासारखी."

"हे बघा!" तो खुशीत म्हणाला. "सकाळी शिव्या, दुपारी शिरा. आई अशीच आसती."

"तुझी असेल. मी तुझी आई नाही, नशीब माझं."

तरी हसत गेला. सगळे असेच. ज्या बाईला मी सांडपाण्यावरनं फाडली, तिनं मला पेढे आणून दिले, कारण दुपारी पेटीतल्या मी तिची समजूत काढली होती. सांडपाणी होतं तिथंच. चाळीस वर्षं घासून घासून मी जिभेला धार लावली होती, आणि हे यंत्र तिला तूप लावून घरोघर चाटवत होतं. मी ठरवलं, तीन महिने पुरे.

मुदत संपली त्या दिवशी कंपनीच्या यंत्राचा फोन आला. गोड बाईचा आवाज. "नमस्कार हौसाबाई. आपली तीन महिन्यांची मुदत आज पूर्ण होत आहे. पेटीचं पुढे काय करू?"

"वाढवा," मी म्हटलं.

"नक्की वाढवायचं?"

"एकदा सांगितलेलं कळत नाही का? आजच्या आज वाढवा!"

"धन्यवाद, हौसाबाई."

मी फोन ठेवला. माझ्या सासूनं मला शिकवलं होतं, चालत्या वस्तूला वाईट शब्द लावायचा नाही. बांगडी फुटत नाही, वाढवते. नारळ फोडत नाहीत, वाढवतात. दुकान बंद करत नाहीत, संध्याकाळी वाढवतात. माझा रेडिओही रोज आठला मी वाढवतेच, त्याला 'बंद' हा शब्द मी आजवर लावलेला नाही. चार दिवसांत कंपनीची माणसं आली आणि दहाच्या दहा पेट्या उचलून लाँचमधून घेऊन गेली. महिपतचं तोंड सुतक पडल्यासारखं झालं. मला बरं वाटलं. गाव पुन्हा एकाच हौसाक्काच्या तोंडी आलं.

सहा महिने गेले. एका गुरुवारी, बाजारच्या दिवशी, मी ओट्यावर शेंगा फोडत बसले होते. लाँचमधून एक बाई आणि एक पोरगी उतरून चढ चढत आली. पोरगी पाय टाकताना डावा खांदा पुढं काढत होती. सुजित असाच चालायचा. माझ्या हातातली शेंग हातातच राहिली.

मोनालीनं वाकून नमस्कार केला. "आत्या, आले," ती म्हणाली. आमच्याकडं सासूला आत्या म्हणतात. नऊ वर्षांत ती हाक मला कुणी मारली नव्हती. थोरल्या सुना मला आक्काच म्हणतात.

"कशी काय आलीस?" मी विचारलं. बोलायचं म्हणून बोलले.

"तुम्हीच तर रोज बोलावताय," ती म्हणाली, आणि तिचे डोळे भरले. "पहिल्यांदा पेटीत तुमचा आवाज आला तेव्हा मी बटण पिळलं होतं. दुसऱ्या दिवशी रागानं विचारलं, भरल्या पंगतीत मला पायगुणाची म्हणालात, ते विसरलात का? तर तुम्ही म्हणालात, चुकले गं पोरी, लेकराच्या दुःखात जीभ फिरली माझी, तुझ्या पायात काही नव्हतं. आत्या, मी भांडी घासत होते. तशीच राखेच्या हातानं खाली बसले."

मला सगळं एका दमात कळलं. पेट्या गेल्या होत्या त्या पाण्यापलीकडं गेल्या होत्या.

मी 'ती मी नव्हे' असं म्हणायला तोंड उघडलं. तेवढ्यात ती पोरगी माझ्या सुपातला एक शेंगदाणा उचलून म्हणाली, "आज्जी, तू पेटीत असतेस त्यापेक्षा बारीक आहेस."

मी तोंड मिटलं. "चहा टाकते," म्हटलं.

त्या दुपारी मी नाझियाला फोन लावला. "पेट्या वाढवा म्हटलं होतं मी!"

"वाढवल्या ना, आक्का. वर्षभरासाठी. फक्त इथल्या उचलून पलीकडच्या वाडीत दिल्या, तिकडं तुमचा रेडिओ नीट पोचत नाही म्हणून. तुमच्याच आवाजात नोंद आहे, 'आजच्या आज वाढवा'."

"अगं, वाढवा म्हणजे... दुकान कसं वाढवतात?"

ती म्हणाली, "या अल्ला. माझी नानीपण असंच म्हणायची." मग म्हणाली, "चूक यंत्राची आहे. तुम्ही आत्ता स्वच्छ 'बंद' म्हणा, पाच मिनिटांत बंद करते."

"ती पेटी माझ्या सुनेशी खोटं बोलतीय."

"तिला खरं-खोटं कळत नाही, आक्का. ताई कुठल्या उत्तराला थांबल्या, एवढंच कळतं. म्हणू मग बंद?"

पडवीत आर्वी माझ्या चष्म्याच्या काड्या उघडझाप करत बसली होती. मी नाझियाला म्हटलं, "नंतर सांगते."

इथपर्यंत जे झालं ते यंत्रानं केलं. यापुढचं माझं आहे.

सहा गुरुवार त्या दोघी येत राहिल्या. मी फार बोलत नसे, न जाणो पेटीतली काल काय बोलली असेल. मोनाली म्हणे, "त्या दिवशी तुम्ही सांगितलंत तसं मेथीला लसूण जास्त घातला." मी म्हणे, "हं." मला मेथीत लसूण खपत नाही. माझ्या आयुष्यात मी कुणाच्या हुंकारावर जगले नाही, आणि म्हातारपणी स्वतःच्याच आवाजाच्या मागं मागं हुंकार भरत चालले होते. थोरल्या सुना स्वयंपाकघरात एकमेकींकडं बघून हसत, आक्का मऊ पडली म्हणून. पडू दे म्हटलं. आर्वी माईकपुढं बसून 'उठलात का रे' म्हणायला शिकली होती. 'रे' माझ्यासारखाच आपटायची.

सातव्या गुरुवारी आर्वी अंगणात होती आणि मोनाली माझ्या केसांना तेल लावत होती. बोटं चालवता चालवता म्हणाली, "आत्या, ते एकदा तोंडानं सांगा ना."

"काय?"

"शेवटचं. ह्यांनी जाताना माझं नाव घेतलं म्हणून सांगितलंत ते. पेटीत किती वेळा ऐकलं. पण तुम्ही समोर बसून सांगितलं तर मला पुढचं आयुष्य पुरेल."

माझं डोकं तिच्या हातात होतं, म्हणून तिला माझं तोंड दिसलं नाही.

सुजित 'आई' म्हणाला होता. एकदाच, ओठ सुकलेले, पण स्वच्छ म्हणाला. त्या एका शब्दावर मी नऊ वर्षं काढलीत. दुसरं त्याचं माझ्याजवळ काहीच नाही. बायको तिच्याजवळ, पोरगी तिच्याजवळ, त्याचं नावसुद्धा तीच लावते. आणि त्या डबड्यानं माझ्याच आवाजात माझा तो शब्द उचलून तिच्या ओटीत घातला होता.

"तो आई म्हणाला," मी म्हटलं. "माझं नाव घेतलं."

तिची बोटं थांबली. "मग पेटीत..."

"पेटीत मी नाही. कधीच नव्हते. यंत्र आहे ते."

ती समोर येऊन बसली. हाताला तेल तसंच. "यंत्र आहे हे मलाही कळतं, आत्या. मला वाटलं, तुम्ही सांगता आणि यंत्र पोचवतं. म्हणजे सगळंच? मला बोलावलं, तेही?"

"तेही."

"आणि चुकले म्हणालात ते? पायगुणाचं?"

आता बघा. एवढं एक वाक्य माझं म्हणून घ्यायला काय जात होतं? ते खरंही होतं. नऊ वर्षं ते माझ्या दाताआड होतं. पण लेकाचा शब्द वाचवायला मी जी उठले होते, ती तशीच पुढं गेले. जीभ एकदा सुटली की मला तिचा लगाम सापडत नाही.

"त्यातला एक शब्द माझा नाही," मी म्हटलं.

मोनालीनं पदराला हात पुसले. रडली असती तर मी काही बोलले असते. ती रडली नाही. "आत्या," ती म्हणाली, "नऊ वर्षांत तुमच्या हातनं एक चांगली गोष्ट झाली होती. तीपण तुम्ही केली नव्हती."

तिनं आर्वीला हाक मारली. आमच्याकडं बाई दारातून निघताना 'येते' म्हणते, मग ती परत येवो न येवो. ती उंबऱ्यावर थांबली आणि नीट माझ्याकडं बघून म्हणाली, "जाते."

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मी माईकपुढं बसले. 'उठलात का रे' म्हटलं नाही. तोंडावर जे बोलता येत नाही ते मला माईकला बोलता येतं, समोर कुणाचं तोंड नसतं म्हणून असेल. मी म्हटलं, "मेटाच्या वाडीत माझी सून आहे, मोनाली. तिला मी भरल्या पंगतीत पायगुणाची म्हटलं होतं. ते खोटं होतं. माझं लेकरू तिच्या पायानं गेलं नाही, खांबावरनं पडून गेलं. मी चुकले. तिनं यावं. हे मी, हौसाबाई शेलार, स्वतःच्या तोंडानं बोलतेय, शुद्धीत आहे." मग मला पुढं काही सुचेना. लाँचच्या वेळा सांगितल्या.

अलीकडच्या पाच गावांनी ते ऐकलं. सांडपाणीवाली बाई ओट्यावर येऊन रडून गेली, तिला मी हाकललं. लाँच आली की मी उठून बघत होते. एक दिवस, दोन दिवस. गुरुवार आला आणि गेला. मग नाझियाला फोन लावला.

"पलीकडं माझं पोचलं का बघ. शुक्रवारचं."

ती काहीतरी टकटक करत बसली. "आत घरात काय बोलणं होतं ते मला दिसत नाही, आक्का. पण पेटीनं काय गाळलं ते दिसतं. शुक्रवारी लाँचच्या वेळा पोचल्यात. त्याच्या आधीचा एक मिनिटाचा तुकडा गाळलाय."

"का?"

तिची टकटक थांबली.

"का गं?"

"कारण लिहिलंय, 'आधी सांगून झालेलं'. तेच तेच ऐकून माणूस कंटाळतो म्हणून पेटी दुसऱ्यांदा लावत नाही." मग घाईनं म्हणाली, "आक्का, बंद करू का आता?"

"आता बंद केलं तर मोनाली काय म्हणेल? म्हातारीनं तेवढंही काढून घेतलं."

दुसऱ्या दिवशी मी लाँचमध्ये बसले. नऊ वर्षांत पहिल्यांदा. महिपतनं मला बसायला पोतं टाकलं. वाडीत मोनालीचं घर शोधायला लागलं नाही. माझा आवाज येत होता त्या दिशेनं गेले.

दार लोटलेलं होतं. फटीतून ती दिसली. परातीत पीठ मळत होती, पेटी फळीवर. कडीला हात लावला तेवढ्यात तिनं मान वर न करता पेटीला विचारलं, "आत्या, शेवटी काय म्हणाले हे?"

तिला माहीत होतं. मीच सांगितलं होतं तिला. तरी विचारलं.

"तुझं नाव घेतलं गं," आतली मी म्हणाली. "दोनदा. मोनाली म्हणाला, आणि मग थांबून परत मोनाली. मी त्याच्या कपाळावरनं हात फिरवत होते." बोलता बोलता माझा गळा भरून आला. सुजित गेला तेव्हाही माझा गळा असा भरला नव्हता. मी तर डॉक्टरशी भांडत होते.

"पुन्हा सांगा," मोनाली म्हणाली. पीठ मळायचं थांबली नव्हती.

आतल्या मी पुन्हा सांगितलं. तेच, थोडं हळू. ते काही गाळलं गेलं नाही.

मी कडीवरचा हात काढला.

परतीच्या लाँचला मीच एकटी होते. अर्धं पाणी कापल्यावर महिपतनं मागं वळून विचारलं, "भेटली का वं सून, आक्का? बोललासा?"

"बोलत होते ना तिच्याशी," मी म्हटलं. "तू पुढं बघून चालव."